झारेकऱ्यांचं शहर

सराफ बाजारातली धूळ कोणी फेकून देत नाही. संध्याकाळी दुकान झाडलं की केर डब्यात भरून ठेवतात. पायपुसणं, जुना चटईचा तुकडा, हात पुसायचं फडकं, सगळं जपून ठेवतात. आठ-पंधरा दिवसांनी झारेकरी येतो, तो केर मोल करून घेऊन जातो, पाण्याच्या कडेला बसून घमेल्यात घोळवतो. माती वाहून जाते, खिळे-टाचण्या लोहचुंबकाला लागतात आणि शेवटी घमेल्याच्या काठाशी केसासारखी एक पिवळी रेघ उरते. ती रेघ घेऊन तो आमच्याकडे यायचा. आम्ही गलाईवाले.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा तात्या एका नातेवाइकाचा हात धरून केरळात त्रिशूरला गेले. मोडीचं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकायचं, चांदी-तांबं विरघळून निघालं की तळाशी राहिलेली तपकिरी भुकटी धुऊन पुन्हा भट्टीत घालायची आणि शुद्ध लगड काढून द्यायची, हा धंदा. सोळाव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली बसलो, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. इतकी वर्षं सोनं हाताळलं, पण ते जमिनीतून येतं कसं हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गेल्या ऑगस्टमध्ये लेकीकडे जोहान्सबर्गला गेलो आणि ते पाहिलं. तिथं जे दिसलं ते आमच्या धंद्यातल्या माणसांनी आणि सोनं विकत घेणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं मला वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या कडेला सपाट माथ्याचे फिकट पिवळे डोंगर लागले. झाड नाही, झुडूप नाही, बाजू पावसानं ओरबाडलेल्या. मी विचारलं, ‘‘जावईबापू, हे डोंगर कसले?’’ ते म्हणाले, ‘‘मामा, डोंगर नाहीत ते. खाणीची माती आहे.’’ दीड किलोमीटर, दोन किलोमीटर, काही ठिकाणी तीन-चार किलोमीटर खोलातून खडक वर आणायचा, त्याचं पीठ करायचं, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून घ्यायचं आणि उरलेलं पीठ शहराच्या कडेला ओतायचं. १८९० पासून हे चालू आहे. तिथल्या एका टन खडकात काही ग्रॅम सोनं असतं. म्हणजे आपल्याकडे लग्नात एक तोळ्याची अंगठी घातली जाते, तिच्यामागे टन-दोन टन खडकाचं पीठ कुठंतरी पडलेलं असतं. मी तोळे, ग्रॅम, मिलिग्रॅम मोजण्यात आयुष्य घालवलं. त्या मापाची दुसरी बाजू एवढी मोठी असते हे त्या डोंगराशेजारून गाडी जाताना कळलं.

आणि ते डोंगरही आता धुतले जातात. पूर्वी सोनं काढायची रीत आजच्याइतकी पक्की नव्हती, म्हणून त्या पिठात टनामागे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी का होईना, सोनं राहून गेलं. पाण्याचा जोराचा फवारा मारून डोंगर कापतात, गाळ नळातून कारखान्यात नेतात आणि पुन्हा सायनाइडच्या पाण्यात घालतात. एका डोंगराच्या माथ्यावर वर्षानुवर्षं मोटारीत बसून सिनेमा पाहायची सोय होती, टॉप स्टार नावाची. तो डोंगरही असाच धुऊन नेला. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा झारेकरी उभा राहिला. सबंध शहर स्वतःच्याच दुकानाचा केर घोळवत बसलं आहे.

या शहराला नदी नाही, समुद्र नाही. कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच, गवताळ माळ होता तो. १८८६ मध्ये लांगलाख्ते नावाच्या शेतजमिनीवर सोन्याचा खडक सापडला आणि जग तिकडे धावलं. त्या शोधाचं श्रेय ज्याला देतात त्या जॉर्ज हॅरिसननं आपला हक्क दहा पौंडांना विकला आणि निघून गेला. दहा वर्षांत तिथं लाखभर माणसं झाली. आजवर जगात जेवढं सोनं खणलं गेलं त्याचा फार मोठा हिस्सा या खडकाच्या पट्ट्यातून आला असं मानतात. १९७० साली दक्षिण आफ्रिकेनं एका वर्षात हजार टन सोनं काढलं. आता शंभर टनांच्या आसपास निघतं. देशाच्या चलनाला रँड म्हणतात, तेही याच डोंगरपट्टीच्या नावावरून. झुलू भाषेत शहराचं नाव ईगोली, म्हणजे सोन्याची जागा.

जावयांच्या ओळखीनं शहराच्या जुन्या भागात एका मोठ्या बँकेच्या तळघरात गेलो. १९८६ मध्ये त्या इमारतीचा पाया खणताना जुन्या फेरेरा खाणीचं एक भगदाड उघडं पडलं, ते तसंच राखून ठेवलं आहे. वर पैशाचे व्यवहार आणि खाली तिरकी उतरत गेलेली काळोखी फट. भिंतीवर टिकावाच्या खुणा आहेत. मी हात लावून पाहिला. एकेक घाव बोटभर लांब, सगळे एकाच दिशेनं, एकाच उंचीवरून पडलेले. घाव घालणारा माणूस कुठं उभा होता, उजव्या हाताचा होता की डाव्या, हेसुद्धा सांगता येईल. त्याचं नाव मात्र कुठंच नाही. हॅरिसनचं नाव आहे, खाणमालकांची नावं रस्त्यांना आहेत.

गोल्ड रीफ सिटी म्हणून एक करमणुकीचं ठिकाण आहे, जुन्या क्राउन माइन्सच्या चौदा नंबरच्या विहिरीवर. ती विहीर तीन किलोमीटरहून खोल जाते. पाहुण्यांना पाऊणशे मीटरपर्यंत नेतात. वर आल्यावर सोनं ओतून दाखवतात. बाकीचे लोक फोन काढून उभे होते. मी भट्टीच्या तोंडाकडे पाहत होतो. सोनं पुरतं वितळलं की त्यात हिरवट झाक दिसते, टाकणखाराचा काचेसारखा थर वर तरंगतो, आणि ओतताना हात किंचित थांबला की लगडीवर सुरकुती पडते. सगळं आमच्यासारखंच होतं. फरक एकच होता. ओतणाऱ्याच्या डोक्यावर धूर ओढून घेणारा मोठा पंखा होता आणि तोंडावर मुखवटा होता. तात्यांच्या तोंडावर पंचाचं टोक असायचं.

त्याच आवाराला लागून वर्णभेदाचं संग्रहालय आहे, २००१ साली उघडलेलं. जुगारघराचा परवाना हवा असेल तर समाजासाठी काहीतरी उभारा अशी अट होती, त्यातून ते झालं. तिकिटावर ‘गोरे’ किंवा ‘गोरेतर’ असं छापलेलं असतं आणि ज्याला जे मिळेल त्या दारानं आत जावं लागतं. बायकोला एक दार मिळालं, मला दुसरं. आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंनी चालत गेलो. पाच-सात मिनिटांचीच वाट ती, पण तिचा हात जाळीला लागलेला मला अजून आठवतो.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो न्यूटाउनमधल्या वर्कर्स म्युझियममध्ये. नगरपालिकेच्या वीज खात्यात राबणाऱ्या काळ्या मजुरांची ती राहायची जागा होती, कंपाउंड म्हणतात तिला. खाणींवरचे कंपाउंड याच धर्तीचे, पण कितीतरी मोठे. आत काँक्रीटच्या दोन मजली फळ्या आहेत, एका माणसाला कूस बदलता येईल एवढीच रुंदी. मोझांबिक, लेसोथो, मलावी, दक्षिण आफ्रिकेतलीच दूरची खेडी, असे कुठून कुठून तरणे पुरुष करारावर यायचे. बायकापोरांना आणायची परवानगी नव्हती. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष खाली काम करायचं आणि मग गावी जायचं. गावात राहिलेल्या बायका शेती सांभाळायच्या आणि मनिऑर्डरची वाट पाहायच्या.

ती फळी पाहून मी तिथंच बसलो. आमच्या दुकानात मागच्या खोलीत भट्टी होती आणि त्या भट्टीशेजारी आम्ही पाचजण झोपायचो. तात्यांनी आईला त्रिशूर दाखवलं ते लग्नानंतर बाविसाव्या वर्षी. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस असा परमुलखात आहे, कोण मदुरेला, कोण कोलकात्याला, कोण पार आसामात. गावची यात्रा आली की सगळे परततात, मोठ्या गाड्या येतात, देवळाला देणग्या दिल्या जातात. आमच्यावर कोणी सक्ती केली नाही, शहरात राहायचा पास मागितला नाही, रंगावरून हाकललं नाही. दोन्ही दुःखं सारखी आहेत असं मी म्हणणार नाही, ते त्या माणसांवर अन्याय करणारं होईल. पण सोन्यापाशी झोपलेल्या माणसाचा श्वास कसा जड होतो ते मला ठाऊक आहे.

खाणीतला खडक फोडला की गारगोटीची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. सिलिकोसिस म्हणतात त्याला. त्यावर क्षय चटकन चढतो. या आजारावर उतारा नाही. हे डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत होतं, खाणमालकांनाही माहीत होतं. तिथल्या कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. खाणीत काम केलेला माणूस मेला की घरच्यांच्या संमतीनं त्याचं हृदय आणि फुप्फुसं तपासणीसाठी जोहान्सबर्गला पाठवता येतात. आजार धंद्यामुळे झाला असं ठरलं तर विधवेला भरपाई मिळते. म्हणजे जिवंतपणी ज्याचं कोणी ऐकलं नाही त्याच्या फुप्फुसाला साक्षीला बोलवायचं.

पण खरी गोष्ट पुढे घडली. आजारी खाणकामगारांनी आणि मेलेल्यांच्या विधवांनी मिळून कंपन्यांवर दावा लावला. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयानं हजारो माणसांचा एकत्र दावा चालवायला मंजुरी दिली. २०१८ मध्ये सहा कंपन्यांशी तडजोड झाली, २०१९ मध्ये न्यायालयानं ती मान्य केली. रक्कम सुमारे पाच अब्ज रँड. १२ मार्च १९६५ नंतर त्या खाणींत काम केलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसाला त्यातून मागता येतं. पैसे पोचायला फार उशीर लागतो, कागदपत्रं जुळत नाहीत, कित्येक जण वाट पाहतच गेले, अशी तक्रार तिकडे आहे आणि ती खरी आहे. तरीही सोनं काढताना गेलेल्या श्वासाची किंमत कोणीतरी द्यायची असते, हे त्या शहरातल्या न्यायालयानं लिहून ठेवलं.

तात्या २००४ मध्ये गेले. शेवटची सहा वर्षं त्यांना जिना चढता येत नव्हता. तेजाबात सोनं टाकलं की तांबूस-पिवळा वायू उठतो, तो त्यांनी तीस वर्षं छातीत घेतला होता. एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. आधी क्षय म्हणून औषध दिलं, मग दमा म्हणून. केसपेपरवर व्यवसायाच्या जागी ‘शेती’ लिहिलेलं होतं. आम्हीच तसं सांगितलं असेल, कारण सातबारा होता आणि गलाईवाला म्हणजे काय हे समजावून सांगायला कोणाला वेळ होता? पण विचारणाऱ्यानंही दुसरा प्रश्न विचारला नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. वर्तमानपत्रात रोज सोन्याचा भाव छापून येतो. पाडव्याला, दसऱ्याला, अक्षय्य तृतीयेला तो पहिल्या पानावर येतो. त्या भावात खडक फोडणाऱ्याची छाती धरलेली नाही आणि मोड गाळणाऱ्याचीही नाही. आमच्या धंद्यातली बहुतेक दुकानं दोन-चार माणसांची. नात्यातली, गावातली पोरं. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, त्यामुळे कामगार म्हणून कोणाच्या दप्तरी नोंद नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. जोहान्सबर्गच्या मजुरांकडे निदान कंपनीचा कागद होता, म्हणून न्यायालयात उभं राहता आलं. आमच्या पोरांकडे तोही नाही.

आमच्या गलाई बांधवांच्या संघटना मेळावे घेतात, चोरीच्या मालावरून पोलीस त्रास देतात त्याबद्दल निवेदनं देतात. ते रास्तच आहे. पण त्याच व्यासपीठावर छातीचाही विषय आला पाहिजे. प्रत्येक दुकानाला धूर पाण्यातून धुऊन बाहेर सोडणारं धुराडं हवं. दरवर्षी प्रत्येकाच्या छातीची तपासणी हवी, आणि केसपेपरवर धंदा लिहिलेला हवा. खर्च कोण करणार हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गाळणीच्या मजुरीत तोळ्यामागे एक रुपया बाजूला टाकला तर सराफाला तो दिसणारसुद्धा नाही. आम्हा मालकमंडळींनी तो आधी स्वतःच्या दुकानात टाकायला सुरुवात करावी. सरकारकडे मग ताठ मानेनं मागता येईल.

त्या शहराशी आपलं नातं आहे ते असंही. १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये नामदार गोखले तिथं गेले होते, हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला. पार्क स्टेशनवर त्यांच्यासाठी गांधीजींचे मित्र कॅलनबाख यांनी आखलेली कमान उभारली होती. त्यांना जे मानपत्र दिलं ते कागदावर नव्हतं. रँडच्या खाणीतल्या सोन्याचा हृदयाच्या आकाराचा पत्रा, त्यावर हिंदुस्थान आणि सिलोनचा नकाशा, बाजूच्या सोन्याच्या पट्टीवर ताजमहाल, आणि हे सगळं सागवानावर बसवलेलं. गांधीजींनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यांनीच लिहिलंय की तिकडच्या कोकणी मुसलमानांना आणि मराठी हिंदूंना गोखल्यांचं भाषण मराठीतून ऐकायचं होतं, म्हणून गोखले मराठीत बोलले आणि दुभाष्याचं काम गांधीजींनी केलं. पुढे झांजिबारपर्यंत हाच शिरस्ता राहिला. गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमात गोखल्यांसाठी खाट मागवून आणली होती. बाकीचे जमिनीवर झोपतात हे कळल्यावर त्यांनी ती काढायला लावली आणि प्रकृती नाजूक असतानाही खाली अंथरूण घातलं.

त्याच शहरात आठ वर्षं आधी, १९०४ मध्ये, एका सोन्याच्या खाणीत कामाला असलेले तेवीस हिंदी मजूर एका संध्याकाळी प्लेग घेऊन वस्तीत परतले होते. गांधीजी त्यांची सेवा करायला धावले होते. मानपत्राचा पत्रा कोणत्या हातांनी वर आणला असेल याचा विचार गोखल्यांच्या मनात आला असेल का, हे मला सारखं वाटत राहिलं. खाटेची गोष्ट वाचल्यावर वाटतं, आलाच असेल.

परत निघायच्या आदल्या दिवशी जावयांच्या ओळखीचा एक गाडीवाला मला शहराच्या पश्चिमेकडे घेऊन गेला. बंद पडलेल्या खाणींत चोरून उतरणाऱ्यांना तिकडे झामा झामा म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा नशीब आजमावणारे. बरेचजण मोझांबिक, लेसोथो, झिम्बाब्वेचे. काहींच्या बापांनी त्याच खाणीत कायदेशीर काम केलेलं. तिकडे दूर स्टिलफाँटेनला एका बंद खाणीत असे शेकडो लोक अडकले होते. वर यावेत म्हणून पोलिसांनी खाली जाणारं अन्नपाणी रोखलं. २०२५ च्या जानेवारीत सुटका झाली तेव्हा २४६ माणसं जिवंत आणि ७८ मृतदेह वर आले. त्यांच्यात गुंड टोळ्या आहेत, आसपासच्या वस्त्यांना त्यांचा जाच आहे, हेही लेक मला बजावून सांगत होती, आणि मी ते मानतो. पण भुकेनं मारणं ही शिक्षा कोणत्या कायद्यात आहे?

गाडीवाल्यानं लांबच गाडी उभी केली. ओढ्याकाठी तीन-चार माणसं होती. एकानं तिरक्या फळीवर जुना टॉवेल पसरला होता आणि दुसरा त्यावर दगडाच्या पिठाचं पाणी सोडत होता. माती वाहून जायची, जड कण टॉवेलच्या केसांत अडकायचे. मग तो टॉवेल बादलीत खळबळून, खालचा गाळ घमेल्यात घेऊन त्यानं घोळवायला सुरुवात केली. मनगटाचा तो झोल मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यानं घमेलं तिरपं केलं, एक बोट काठावरून फिरवलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. मग तो खोकायला लागला. बराच वेळ खोकत होता.

त्रिशूरला परतल्यावर पहिल्या सोमवारी मी दुकानातल्या चारही पोरांना छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. तिघांचे रिपोर्ट आलेत. दोघांचे स्वच्छ आहेत, तिसऱ्याला पुन्हा बोलावलं आहे. चौथा आटपाडीचा, एकवीस वर्षांचा, अजून गेलेला नाही. काल विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, खोकला तर सगळ्यास्नीच असतोय की.’’